लेख गेला, पैसे कधी? मुक्त लेखकासाठी व्यवहाराचे टप्पे

पैसे अडकले की लेखक विचारतात, "बिल कसं लिहायचं?" बिल उघडून बघावं तर त्यात सहसा फारसं चुकलेलं नसतं. चूक झालेली असते दीड-दोन महिने आधी, व्हॉट्सॲपवर "हो, करते" एवढंच लिहून कामाला बसलो त्या दिवशी. शब्द कुठल्या भाषेतले मोजायचे, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कोण देणार आणि कधी, यातलं काहीच बोलणं झालेलं नसतं. मग बिल जातं आणि पलीकडून येतं, "एवढे? आम्हाला वाटलं होतं..."

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. लेख, जाहिरातीचा मजकूर, अनुवाद, शब्दांकन, मालिकांचे संवाद अशी कामं नोकरीशिवाय किंवा नोकरी सांभाळून करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

## टप्पा १: काम येण्याआधीची तयारी

१. पॅन आणि बँक खातं. पॅन आधारशी जोडलेलं आहे का, ते आजच बघा. जोडलेलं नसल्यामुळे पॅन निष्क्रिय झालं असेल तर १० टक्क्यांऐवजी २० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा तुमचा कर) कापला जातो. लेखनाचे पैसे येण्यासाठी एक वेगळं खातं ठेवा. किराणा, गॅस, मुलांची फी आणि मानधन एकाच पासबुकात असलं की वर्षअखेरीला कुठले पाच हजार कुणाचे होते ते शोधण्यात दोन दिवस जातात.

२. टोपणनावाचा घोळ. मराठीत हा हमखास होतो. लेख टोपणनावाने छापून येतो आणि धनादेशही त्याच नावाने येतो. बँक तो घेत नाही. पहिल्याच मेलमध्ये दोन ओळी वेगळ्या लिहा: "छापायचं नाव" आणि "पॅन व बँक खात्यावरचं नाव". लग्नाआधीच्या नावाने लिहिणाऱ्या लेखिकांनी तर हे न चुकता करावं.

३. उद्यम नोंदणी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांसाठीची (एमएसएमई) ही केंद्र सरकारची नोंदणी आहे. एकट्याने सेवा देणाऱ्यालाही ती करता येते. आधार आणि पॅनवर होते, पैसे लागत नाहीत. नोंदणीसाठी हजार-दोन हजार मागणारी साइट उघडली असेल तर तुम्ही दलालाच्या दारात आहात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. या क्रमांकाचा उपयोग टप्पा ६ मध्ये कळेल.

> सावधान: पैसे थकल्यावर उद्यम नोंदणी करून जुन्या कामासाठी तिचा आधार घ्यायला गेलात तर तिथेच अडाल. नोंदणी आधी, काम नंतर.

४. कामांची वही. एक्सेल किंवा साधी दोनशे पानी, काहीही चालेल. रकाने: काम, कुणी दिलं, पैसे कोण देणार, ठरलेली रक्कम, होकाराची तारीख, काम दिल्याची तारीख, बिल क्रमांक, मुदत, जमा रक्कम, कापलेला टीडीएस. "कुणी दिलं" आणि "पैसे कोण देणार" हे रकाने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. आपल्याकडे काम सांगणारा एक असतो आणि धनादेशावर सही करणारा दुसराच.

## टप्पा २: आपला किमान दर काढा

"मार्केटमध्ये काय रेट चाललाय?" या प्रश्नाने सुरुवात करू नका. आधी स्वतःचा आकडा काढा.

समजा घरखर्चासाठी महिन्याला ५०,००० लागतात. वर्षाचे ६,००,०००. इंटरनेट, लॅपटॉपची झीज, पुस्तकं आणि सीएची फी मिळून ६०,०००. आरोग्यविमा आणि थोडी गंगाजळी मिळून आणखी ६०,०००. एकूण ७,२०,०००.

आता दिवस मोजा. महिन्याला २२ धरले तर वर्षाचे २६४. गणपती, दिवाळी, लग्नसराई, आजारपण यांचे ३० वजा करा. उरले २३४. यातला प्रत्येक दिवस पैशाचा नसतो: मेल, बैठका, वाचन, तगादे आणि न मिळालेल्या कामांसाठी लिहून दिलेले नमुने यांत बराच वेळ जातो. ६० टक्के दिवस कमाईचे धरले तर साधारण १४० होतात. ७,२०,००० भागिले १४०, म्हणजे दिवसाला सुमारे ५,१४५ रुपये.

दिवसात तुमचे १,५०० शब्द नीट होत असतील तर शब्दामागे ३ रुपये ४३ पैसे पडतात. अनुवादाचे २,००० होत असतील तर २ रुपये ५७ पैसे. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत हीच. या आकड्याखालचं काम घेतलं की फरक आपल्या खिशातून भरावा लागतो, हे निदान माहीत असू द्या.

इथे होणाऱ्या चुका:

- २६४ दिवस धरून भागाकार करणं. दर निम्म्यावर येतो आणि वर्षभर राबूनही हातात काही उरत नाही.
- शब्दसंख्येवर शोधकामाचे लेख घेणं. ८०० शब्दांसाठी चार फोन, दोन भेटी आणि एक एसटी प्रवास असेल तर दिवस मोजा आणि एकरकमी आकडा सांगा.
- अनुवादात कुठले शब्द मोजायचे ते न ठरवणं. मराठीत विभक्तीप्रत्यय आणि बरीच शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतले तीन शब्द ‘घरात’ या एकात मावतात. माझ्या अनुभवात १,००० शब्दांचा इंग्रजी मजकूर मराठीत ८०० ते ८५० शब्दांत बसतो. दर मूळ शब्दांवर की मराठी शब्दांवर, याने बिलात दीडशे-दोनशे शब्दांचा फरक पडतो. मूळ शब्दांवर ठरवा. काम सुरू होण्याआधीच दोघांनाही एकच आकडा दिसतो.

फुकट लिहायला माझी हरकत नाही. शाळेची स्मरणिका असते, मित्राचा दिवाळी अंक असतो. फक्त वर्षाच्या सुरुवातीला अशा कामांची संख्या ठरवा. माझी दोन आहे. तिसऱ्याला "यंदाचा कोटा संपला" असं हसत सांगता येतं आणि कुणी दुखावत नाही.

## टप्पा ३: होकार देण्याआधी विचारायचं ते

फोनवर काम सांगितलं जातं तेव्हा आपण विषयात रमतो. विषय आवडला की व्यवहाराचं बोलायला संकोच वाटतो. ‘मानधन’ हा शब्दच असा आहे की त्यातलं धन मागितलं की मान कमी होईल असं वाटतं. मी फोनवर शेवटी एवढंच म्हणते, "छान आहे. तपशील मेलवर टाकते, तो बघून मान्य म्हणा, मग सुरू करते." आकड्याची चर्चा लेखी झाली की दोन्हीकडचा संकोच कमी होतो.

मेल लिहिण्याआधी ही माहिती हातात हवी: मजकूर कुठे वापरला जाणार, किती शब्द, कधी हवा, नाव छापणार की नाही, अंतिम मान्यता कोण देणार, बिल कुठल्या नावाने काढायचं आणि त्यांची पैसे देण्याची मुदत काय.

मान्यता देणारी व्यक्ती एकच असावी. संस्थेत अध्यक्ष, सचिव आणि अध्यक्षांचे साहित्यप्रेमी मेहुणे असे तिघंही मजकूर वाचणार असतील तर दुरुस्त्या कधीच संपत नाहीत.

मधल्या एजन्सीकडून काम येत असेल तर "क्लायंटचे आले की तुमचे देतो" हे वाक्य ऐकू येईलच. त्याला होकार देऊ नका. तुमचा व्यवहार एजन्सीशी आहे. तिचे पैसे कधी येतात ही तिची चिंता.

फॉन्टचंही आत्ताच बोला. आपण युनिकोडमध्ये लिहितो, अनेक मुद्रणालयं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मांडणी करतात. रूपांतरात जोडाक्षरं तुटतात, ‘तऱ्हा’मधला र भलतीकडे जातो आणि मग "जरा प्रूफ बघून द्या ना" असा फोन येतो. तेही दिवसभराचं काम आहे, त्याचे पैसे वेगळे.

### मेलचा नमुना

> नमस्कार,
> आज फोनवर बोलल्याप्रमाणे कामाचा तपशील पाठवत आहे.
> काम: आरोग्य माहितीपुस्तिकेचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद. मूळ मजकूर ६,२०० शब्द.
> दर: मूळ शब्दामागे २ रुपये ७५ पैसे. एकूण १७,०५० रुपये.
> आगाऊ: ५,००० रुपये. जमा झाल्यावर काम सुरू करेन.
> मुदत: आगाऊ रक्कम मिळाल्यापासून १२ दिवस. युनिकोड वर्ड फाइल देईन.
> दुरुस्त्या: एक फेरी, फाइल मिळाल्यापासून १० दिवसांत, सगळ्यांच्या सूचना एकत्र. मूळ मजकूर बदलल्यास वाढीव शब्दांचे पैसे वेगळे. मांडणीनंतरचं मुद्रितशोधन यात धरलेलं नाही.
> काम मध्येच थांबल्यास: तोवर झालेल्या शब्दांची रक्कम.
> वापर: पूर्ण रक्कम मिळाल्यानंतर, या पुस्तिकेच्या छापील आणि पीडीएफ आवृत्तीपुरता.
> उरलेली रक्कम: फाइल दिल्यापासून ३० दिवसांत बँक खात्यात.
> सहमत असल्यास ‘मान्य’ एवढं उत्तर द्यावं.

यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. मेलवरून झालेला करारही करारच असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०ए मध्ये तशी तरतूद आहे. व्हॉट्सॲपवर ठरलं असेल तर तेच मुद्दे मेलवर पुन्हा टाका. फोन बदलला की गप्पांसोबत पुरावाही जातो.

> तपासा: ‘मान्य’ आलं का? आगाऊ रक्कम आली का? दोन्ही आल्याशिवाय फाइल उघडायची नाही. "तुम्ही सुरू तर करा, पैसे कुठे पळून जातायत" असं म्हणणाऱ्याकडचे पैसे मी पळताना पाहिले आहेत.

## टप्पा ४: हक्कांच्या ओळी नीट वाचा

मोठी संस्था आपला करार पाठवते. दहा पानं असतात आणि आपण शेवटच्या पानावर सही करतो. निदान हक्कांचा परिच्छेद तरी वाचा.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखनाचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतः असतो. कराराने तो हक्क देता येतो, पण हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. कुठलं लेखन, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी हे त्यात यायला हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हे कलम १९ मध्ये आहे. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर त्या हक्कांचं हस्तांतरण संपुष्टात येतं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. ते वेगळं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं, म्हणूनच ती ओळ शोधायची.

कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही लेखकाकडे राहतो.

जाहिरातीच्या मजकुराचे सगळे हक्क द्यावे लागतात, तिथे फार ताणू नका, दर वाढवून घ्या. कथा, लेखमाला, चरित्राचं शब्दांकन यांत मात्र थांबा. एका लेखाच्या मानधनात ऑडिओ, ई-बुक, वेबमालिका आणि "भविष्यात शोध लागेल ती सर्व माध्यमं" असं सगळं गेलेलं मी पाहिलं आहे. प्रत्येक माध्यमाचे पैसे वेगळे मागा किंवा ते शब्द खोडून परत पाठवा. समोरचा रागावत नाही. निम्म्या वेळा मसुदा कुणी तरी कुठून तरी उचललेला असतो.

> सावधान: काही मासिकं मानधनासोबत व्हाउचर पाठवतात. त्याच्या मागे बारीक अक्षरांत "सर्व हक्क प्रकाशकाकडे" असं छापलेलं असू शकतं. सही करण्याआधी कागद उलटा करा.

### मालिका आणि चित्रपटाचं लिहिणाऱ्यांसाठी

कुणालाही ऐकवण्याआधी कथा-पटकथेची नोंद करा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना ती ऑनलाइन करता येते, आणि नमुना करारही तिथे मिळतात.

मालिकेत मोठा सापळा ‘प्रक्षेपणानंतर ९० दिवस’ या शब्दांत असतो. तुम्ही पुढचे बारा भाग लिहून देता, टीआरपी घसरतो, मालिका आटोपते, आणि ते बारा भाग कधी प्रक्षेपितच होत नाहीत. करारात पैसे ‘प्रक्षेपणानंतर’ऐवजी ‘भाग मंजूर झाल्यापासून’ मोजलेले हवेत. चॅनेलने मंजूर करून नंतर कथानक फिरवलं तर पुनर्लेखनाचे पैसे वेगळे. चित्रपटात रक्कम टप्प्यांवर वाटून घ्या: करारावर सही, कथा, पटकथेचा पहिला खर्डा, संवाद. ‘चित्रीकरण सुरू झाल्यावर’ असा टप्पा असेल तर तो शेवटचा आणि सगळ्यात छोटा ठेवा. चित्रीकरण सुरू होणं तुमच्या हातात नसतं. श्रेयनामावलीत नाव कसं येणार, तेही तिथेच लिहून घ्या.

## टप्पा ५: काम देणं आणि बिल

काम मेलवरच द्या आणि मेलमध्ये तारीख लिहा: "ठरल्याप्रमाणे अंतिम फाइल आज, अमुक तारखेला, पाठवत आहे." ही ओळ पुढे कामी येते. पेन ड्राइव्ह नेऊन दिला असेल तरी घरी येऊन हाच मेल टाका.

बिल त्याच दिवशी पाठवा. दुरुस्त्या झाल्यावर, अंक निघाल्यावर, साहेब दौऱ्यावरून आल्यावर असं करत बसलात तर बिल महिनाभर घरातच राहतं. बिलावर हवं ते:

१. क्रमांक आणि तारीख. दर १ एप्रिलला क्रमांक नव्याने सुरू करा.
२. तुमचं पॅनवरचं नाव, पत्ता, पॅन, उद्यम क्रमांक.
३. समोरच्या संस्थेचं पूर्ण अधिकृत नाव आणि पत्ता. मासिकाचं नाव आणि ते चालवणाऱ्या कंपनीचं नाव पुष्कळदा वेगळं असतं.
४. काम, शब्दसंख्या, दर, एकूण रक्कम, वजा आगाऊ, बाकी.
५. कोणत्या तारखेच्या मेलवर ठरलं त्याचा उल्लेख.
६. देय तारीख. "लवकरात लवकर" असं लिहू नका, तारीख लिहा.
७. खातं क्रमांक, आयएफएससी, बँक शाखा.

बिल संपादकाला पाठवताना हिशेब विभागालाही त्याच मेलवर घ्या. संपादक मनाने चांगले असतात, पण त्यांच्या इनबॉक्समध्ये बिल झोपतं.

> सावधान: "पैसे मिळाले" अशी आगाऊ पावती, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, आधी मागणाऱ्या संस्था आहेत. ट्रस्ट आणि सरकारी खात्यांत ही जुनी सवय. द्यावीच लागली तर पावतीवर लिहा: "रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरच ग्राह्य." माझी एक कोरी पावती एका फायलीत सात महिने पडून होती आणि पैसे दिल्याची नोंद मात्र झालेली होती.

धनादेश आला तर लगेच भरा. त्याची मुदत तारखेपासून तीन महिने. दिवाळी अंकाचा धनादेश जानेवारीत येतो आणि मार्चमध्ये ड्रॉवरमध्ये सापडतो तेव्हा त्यावरची तारीख बऱ्याचदा नोव्हेंबरची असते. न वटता परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात. तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. यातला एक दिवस चुकला तरी अडचण होते, म्हणून बँकेचा मेमो जपा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा.

## टप्पा ६: तगादा, पण वेळापत्रकाने

तगाद्याला राग लागत नाही, कॅलेंडर लागतं. बिल पाठवलं त्याच दिवशी मोबाइलमध्ये चार तारखा टाका.

देय तारखेच्या तीन दिवस आधी: "बिल क्रमांक ७ ची मुदत शुक्रवारी आहे. कागदपत्र काही हवं असल्यास कळवा." बिल सापडत नसेल तर ते इथेच कळतं.

मुदतीनंतर तिसऱ्या दिवशी: फोन, आणि तो हिशेब विभागाला. संपादकाशी कामाचे संबंध असतात, ते तगाद्यात वापरून टाकू नका.

पंधराव्या दिवशी: मेल. जुना ‘मान्य’चा मेल, काम दिल्याचा मेल आणि बिल एकाच साखळीत जोडा. नवीन काम थांबवा. इथे लेखक हमखास घसरतात. जुने पैसे मिळतील या आशेने पुढचं काम करून देतात आणि थकबाकी दुप्पट होते.

तिसाव्या दिवशी: उद्यम क्रमांकाचा उल्लेख करून औपचारिक पत्र.

या पत्राला वजन कशामुळे येतं? एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उपक्रमाला पैसे देण्याची लेखी ठरलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. मुदत लेखी ठरलीच नसेल तर १५ दिवस. करारात ९० दिवस लिहिले असले तरी ४५ नंतर व्याज लागू होतं: रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. हे दिवस काम स्वीकारल्यापासून मोजतात, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम दिलं तोच दिवस स्वीकाराचा. म्हणून तर टप्पा ५ मधला तारखेचा मेल.

दुसरी गोष्ट कंपनीच्या सीएला ठाऊक असते: अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी करातून वजा दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. फेब्रुवारीत हे पत्र गेलं की मार्चअखेरीआधी चक्रं हलतात.

तरीही हललं नाही तर अशा थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार दाखल करता येते. ती राज्यातल्या फॅसिलिटेशन काउन्सिलकडे जाते. आधी सलोखा, तो फसला तर लवाद. वेळ लागतो, पण तक्रार दाखल झाल्याचं कळल्यावरच काहीजण पैसे देऊन मोकळे होतात. दाव्याचा मार्गही आहे. पैशांच्या वसुलीसाठी मुदत साधारण तीन वर्षं. रक्कम चार हजार असेल तर मात्र वहीत त्या नावापुढे फुली मारा, ओळखीच्या लेखकांना खासगीत सांगा आणि पुढच्या कामाला लागा.

## टप्पा ७: टीडीएस आणि कर

एका वर्षात एकाच संस्थेकडून व्यावसायिक शुल्क ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झालं की ती १० टक्के टीडीएस कापते. १ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती. बोलण्यात याला जुन्या कायद्यातल्या कलमावरून १९४जे म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले, पण हिशेब विभागाच्या तोंडी जुनेच आहेत.

६०,००० चं बिल असेल तर खात्यात ५४,००० येतात. तुमचं उत्पन्न ६०,०००. उरलेले ६,००० तुमच्या नावावर सरकारकडे आधीच भरलेला कर आहे. बरेच लेखक ५४,००० च उत्पन्न धरतात आणि ६,००० बुडाले असं समजतात. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणजे अनेक लेखकांचा सगळा टीडीएस परत मिळण्यासारखा असतो. त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं, आपोआप काही येत नाही.

"लेखकांनी ४४एडीए लावा, अर्धंच उत्पन्न दाखवा" असा सल्ला व्हिडिओंतून मिळतो. जमेच्या निम्मी रक्कमच उत्पन्न धरून कर भरण्याची ती सवलत ठरावीक व्यवसायांना आहे. सिनेकलावंतांच्या व्याख्येत कथा, पटकथा, संवाद लिहिणारे आणि गीतकार स्पष्टपणे येतात. मजकूरलेखक आणि अनुवादक यांचं नाव त्या यादीत नाही. तुमचं काम कशात बसतं हे सीएला विचारून ठरवा. पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंतची ८०क्यूक्यूबी ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, तेही विचारून घ्या.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च.

जीएसटी: महाराष्ट्र आणि गोव्यात सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी. त्याआधी ग्राहक दुसऱ्या राज्यातला असला तरी चालतं. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावू नका, तो गुन्हा ठरतो. "जीएसटी नंबर नसेल तर काम देता येणार नाही" असं सांगितलं तर मर्यादेखाली असल्याचं लेखी पत्र द्या. बहुतेक ठिकाणी भागतं.

परदेशातून पैसे आले तर बँकेकडून किंवा पैसे पाठवणाऱ्या सेवेकडून प्रत्येक रकमेचं आवक प्रमाणपत्र उतरवून ठेवा. दोन वर्षांनी मागायला गेलात तर मिळता मिळत नाही. अमेरिकन ग्राहक डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागतो. तुम्ही तिथले करदाते नाही, एवढं सांगणारा तो कागद आहे, घाबरून काम सोडू नका.

> तपासा, जूनमध्ये: शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदत कापणाऱ्यांना ३१ मेपर्यंत असते. त्यानंतर आयकराच्या साइटवर २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडा आणि वहीतल्या टीडीएसच्या रकान्याशी एकेक ओळ जुळवा. एखाद्या संस्थेने कापलेला टीडीएस तिथे दिसत नसेल तर एक तर त्यांनी तो भरलेला नाही, किंवा तुमचा पॅन चुकीचा टाकला आहे. बिल क्रमांक, तारीख आणि कापलेली रक्कम लिहून त्यांच्या हिशेब विभागाला मेल करा आणि प्रमाणपत्र मागा. दुरुस्ती त्यांच्याच हातात आहे, त्यामुळे विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यात हे काढू नका. जूनचा पहिला पाऊस पडला की काढा.